एवढे मार्क मिळवून आर्ट्स?

भाचीच्या दहावीच्या निकालाचे पेढे खायला आज घरी सगळे जमले होते. पेढा तोंडात आणि प्रश्न तयार, "मग, सायन्सच ना?" ती म्हणाली, "नाही, आर्ट्स. मला पुढे पुरातत्त्व करायचंय." झालं! "एवढे मार्क वाया घालवणार?" "माती उकरून पॅकेज काय मिळणार?" एका काकांनी तर तिच्या आईलाच झापलं. पोरीचं तोंड एवढंसं झालं. तेव्हापासून माझं डोकं तापलंय.

नववीत असताना तिला पुण्यात डेक्कन कॉलेजचं संग्रहालय दाखवायला नेलं होतं. घोड नदीकाठी इनामगावला तिथल्या संशोधकांनी तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती उकरून काढली. तांबूस भांडी, वर काळ्या रेघांची नक्षी. लेकरू दगावलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात त्याला ठेवायचे आणि घरातल्याच जमिनीखाली पुरायचे. मी हे सांगितलं, बाकीची मुलं पुढे पळाली. ही हलेना. बऱ्याच वेळानं म्हणाली, "मावशी, म्हणजे ती आई रोज त्याच्यावरून चालायची?"

हे विचारणाऱ्या मुलीला तुम्ही पॅकेज विचारता?

नोकऱ्या कमी आहेत, मान्य. कुठल्याही शाखेची पदवी घेऊन नंतर पुरातत्त्वाला येता येतं, तेही ठाऊक आहे. पण तिला इतिहास आणि संस्कृत आत्ता वाचायचंय, तर मधली वर्षं क्लासच्या बाकावर कशासाठी घालवायची?

आणि हे काम येरागबाळ्याचं नाही. उन्हात उकिडवं बसून एकेक थर काढायचा, माती चाळायची, खापरं धुऊन त्यांवर नंबर घालायचे. आजीची लोणच्याची बरणी फुटली तेव्हा कुणी न सांगता ही तुकड्यांच्या कडा जुळवत जेवायचं विसरली होती. असा स्वभाव क्लास लावून येतो का? त्या तांबूस भांड्यांना संगमनेरजवळच्या जोर्वे गावाचं नाव मिळालं, कारण कुणीतरी पगाराचा आकडा न बघता त्या मातीत बसलं.

काका, तुम्ही हे वाचाल. तुम्ही फार ओढगस्तीतून वर आलात, तिच्या काळजीपोटीच बोललात, कळतं मला. पण एकदा तिला जवळ बसवून त्या आईबद्दल विचारा. ती तासभर बोलेल.

अकरावीच्या फॉर्मवर पहिली पसंती आर्ट्सच भरली आहे. पुण्यात मोडी लिपी शिकवणारं कुणी ओळखीचं असेल तर कळवा, तिला या सुट्टीतच सुरू करायचंय.