योनीमार्ग आतून धुतल्याने एचआयव्ही टळत नाही

‘संबंधानंतर लगेच लिंबाच्या पाण्याने किंवा जंतुनाशकाने योनीमार्ग आतून धुवा, एचआयव्ही होणार नाही’ असा संदेश फिरतो आहे. तो चुकीचा आहे. कृपया पुढे पाठवू नका.

निरोगी योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस हे उपयुक्त जीवाणू असतात. त्यांच्या लॅक्टिक आम्लामुळे तिथला सामू (आम्लतेचे माप, pH) साधारण ३.८ ते ४.५ राहतो आणि अपायकारक जंतूंना आळा बसतो. आतून धुतल्याने हेच जीवाणू कमी होतात. तीव्र द्रावणाने नाजूक अस्तर सोलवटते, आणि विषाणूला आत शिरायला वाट मिळते. जीवाणूंचे संतुलन बिघडून होणाऱ्या योनीदाहात (बॅक्टेरियल व्हजायनोसिस) एचआयव्हीची लागण होण्याचा धोका वाढतो, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

‘पण लिंबाने विषाणू मरतो ना?’ प्रयोगशाळेतल्या नळीत मरणे वेगळे. नॉनऑक्सिनॉल-९ हे शुक्राणुनाशकही नळीत एचआयव्ही मारत होते. २००० साली जाहीर झालेल्या चाचणीत मात्र ते वारंवार वापरणाऱ्या स्त्रियांमध्येच लागण जास्त आढळली.

बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुणे पुरे. वास, खाज किंवा वेगळा स्राव असेल तर लाजू नका, तपासून घ्या. उपचार सोपे आहेत.

संरक्षण मिळते ते कंडोमने आणि लागण टाळण्यासाठी संबंधाच्या आधीपासून नियमित घ्यायच्या प्रेप (PrEP) औषधांनी. असुरक्षित संबंध किंवा जबरदस्ती झाली असेल, तर धुण्यात वेळ न घालवता शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत, डॉक्टरांकडे जाऊन पेप (PEP, म्हणजे संबंधानंतर लागण रोखण्यासाठी घ्यायची) औषधे सुरू करा. ती २८ दिवस घ्यावी लागतात.