जपानीत 'आई' म्हणजे प्रेम, म्हणून जपानी आपल्यातून निघाली? काहीपण!

सध्या एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. "जगातल्या सर्व भाषांची जननी आपलीच भाषा, हे घ्या पुरावे", खाली शब्दांची यादी, शेवटी हात जोडलेले इमोजी. असले मेसेज मी एरवी न वाचता सोडून द्यायचे, पण या वेळी भाचीने तो शाळेच्या भाषणात जसाच्या तसा उतरवला आणि वर मलाच म्हणाली, मावशी पाठ करून घे ना. मग म्हटलं आता लिहितेच. ("आपलीच भाषा" म्हणजे मराठी की संस्कृत, हे मेसेजमध्ये दर दोन ओळींनी बदलतं. ते एक असोच.)

पहिला पुरावा म्हणे असा की जपानीत 'आई' म्हणजे प्रेम, आणि आईइतकं प्रेम कोण करतं, म्हणून शब्द आपल्याकडून गेला. वाचायला गोड आहे, मान्य. पण हा शब्द मुळात जपानीसुद्धा नाही, तो चिनी अक्षरासोबत चीनमधून तिथे गेलाय. मँडरिनमध्ये, म्हणजे आजच्या प्रमाण चिनीत 'आय', तर त्याच अक्षराचा दक्षिण चीनमधल्या कँटोनीजमधला उच्चार 'ओय', आणि मध्ययुगीन चिनीतला उच्चारही 'ओय'च्याच जवळचा धरतात. म्हणजे जितकं मागे जावं तितका तो शब्द आपल्या आईपासून लांब लांब जातो. खरं नातं असतं तर उलटं व्हायला हवं होतं ना?

शिवाय जपानीतच दुसरा एक 'आई' आहे, त्याचा अर्थ नीळ. व्हिएतनामीत 'आय' म्हणजे कोण, तुर्कीत चंद्र, हवाई बेटांवरच्या हवाईयन भाषेत खाणं. (आई आणि आय एकच कसे, असं म्हणू नका, मेसेजवाल्याला चालतं तर मलाही चालतं.) हे यादीत का नाही टाकलं?

तर याचं उत्तर त्याने आधीच तयार ठेवलंय, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला. मेसेज म्हणतो, "जिथे अर्थ वेगळा दिसतो तिथे त्या लोकांनी मूळ अर्थ विसरून शब्द भ्रष्ट केला." वा! म्हणजे अर्थ जुळला तरी पुरावा, नाही जुळला तरी पुरावाच. मग हा दावा चुकीचा ठरायला नक्की काय व्हावं लागेल? चित भी मेरी पट भी मेरी. आणि भ्रष्ट केला म्हणजे काय हो? तुर्की माणूस चंद्राला आय म्हणतो तर तो आपल्या आईला विसरला म्हणून? प्रत्येक भाषेतला शब्द कुठून आला याचा स्वतःचा इतिहास असतो, तो न बघता समोरच्याला विसरभोळा ठरवायचं, आणि हे शाळेतल्या मुलीने माइकवर अभिमानाने म्हणायचं.

पुढे मेसेजमध्ये ठळक अक्षरात लिहिलंय की आवाजही तोच आणि अर्थही तोच असेल तर तो योगायोग असूच शकत नाही. असू शकतो. भाषाशास्त्रज्ञ आर. एम. डब्ल्यू. डिक्सन १९६०च्या दशकात ऑस्ट्रेलियात उत्तर क्वीन्सलँडमधल्या मबाबारम भाषेचे शब्द गोळा करत होते. ती बोलणारे अगदी थोडे उरले होते. त्या भाषेत कुत्र्याला काय म्हणतात, तर 'डॉग'! कुणालाही वाटेल की इंग्रजांकडून उचलला. पण शेजारच्या यिडिन भाषेत कुत्रा म्हणजे 'गुडागा', जिरबलमध्ये 'गुडा', आणि मबाबारममध्ये जुन्या शब्दांचं सुरुवातीचं अक्षर गळतं, स्वरही ठरावीक पद्धतीने बदलतात. गुडागाचं डोकं शेपूट गेलं, 'आ'चा 'ओ' झाला, राहिला डॉग. गंमत म्हणजे इंग्रजीतला डॉगही तसा नंतर रुळलेलाच, कुत्र्यासाठी त्यांचा जुना शब्द हुंड, जर्मनमध्ये आजही तोच आहे. डिक्सननी हे सगळं १९८४च्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहिलंय. आवाज तोच, अर्थ तोच, नातं शून्य.

आणि उलटी गंमत बघा. तो इंग्रजांचा हुंड (आता हाउंड) आणि संस्कृतातला श्वन्, आपला श्वान, हे मात्र खरंच नातेवाईक आहेत. दिसतात का तसे? पण संस्कृतात जिथे 'श' तिथे इंग्रजीत 'ह' असं पुन्हा पुन्हा सापडतं, शत आणि हंड्रेड घ्या. नातं असं ठरतं, एकाच बदलाची रांग लागली तर. एक शब्द कानाला बरा वाटला म्हणून नाही.

अगदी सख्ख्या बहिणी असलेल्या भाषांतही कान फसवतो. न्यूझीलंडमधल्या माओरीत 'काई' म्हणजे अन्न, हवाईयनमध्ये 'काई' म्हणजे समुद्र. शब्द एक वाटतो ना? नाही. हवाईयनमध्ये जुन्या 'त'चा 'क' झाला आणि जुना 'क' घशातल्या एका झटक्यात विरला. म्हणून हवाईयन काईचा जोडीदार माओरीतला 'ताई', समुद्र, आणि माओरी काईचा जोडीदार हवाईयनमधला 'आय', खाणं, तोच मघाचा आय! माओरीत 'तापु' तर हवाईयनमध्ये 'कापु', म्हणजे निषिद्ध, हेही त्याच नियमाने. आता सांगा, यात आपली ताई आणि आई कुठे बसवायच्या? हवाईयनमध्ये व्यंजनं आठ आणि मूळ स्वर पाच, एवढ्यात सगळी भाषा चालवायची तर छोटे शब्द जगात कुणाच्या ना कुणाच्या शब्दांवर आदळणारच की.

'बाबा' जगभर वडीलच, हा पुढचा मुद्दा. तुर्की आणि स्वाहिलीत हो, पण रशियन आणि जपानीत बाबा म्हणजे म्हातारी बाई. जॉर्जियनमध्ये तर 'मामा' म्हणजे वडील आणि 'देदा' म्हणजे आई. बाळाला आधी ओठांचेच आवाज जमतात आणि मोठी माणसं ते स्वतःला लावून घेतात, हे भाषाशास्त्रज्ञ रोमन याकोबसननी केव्हाच मांडलंय.

बरं, एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते. मेसेजमधल्या मातृ-मदर, नाम-नेम या जोड्या खऱ्या आहेत. पण संस्कृतचा अभ्यासक असलेल्या ब्रिटिश न्यायाधीश विल्यम जोन्सने १७८६ साली कलकत्त्यात हेच सांगताना म्हटलं होतं की संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांचा उगम एकच असावा आणि ती मूळ भाषा कदाचित आता उरलेलीही नाही. म्हणजे संस्कृत बहीण, आई नव्हे. मेसेजमध्ये त्याचं नाव आहे, हे वाक्य नाही.

आणि मेसेजमध्ये नाम-नेमच्याच ओळीत घुसडलेलं जपानी 'नामाए' (म्हणजे नाव) त्यात येत नाही. तो 'ना' म्हणजे नाव अधिक 'माए' म्हणजे समोर, असा जोडशब्द आहे, त्यातला 'म' दुसऱ्या शब्दाचा. जपानीत संस्कृत शब्द आहेत, नाही कोण म्हणतंय? ध्यानचं चिनीत 'चान' झालं, तिथून जपानीत 'झेन'. बौद्ध धर्मासोबत गेला, सगळी वाट दाखवता येते. नेमका हा शब्द यादीत नाही, बहुतेक ऐकायला पुरेसा सारखा नाही म्हणून.

राहिला शेवटचा, जपानी 'हाय' म्हणजे हो आणि हिंदीत 'है', म्हणून दोन्ही एकच. कोरियनमध्ये 'ने' म्हणजे हो, ग्रीकमध्ये पण 'ने' म्हणजे हो, आणि ग्रीसला लागून असलेल्या बल्गेरियात 'ने' म्हणजे नाही. लावा आता यावर तुमचा नियम.