साठ मावळे आणि एक सबनीस

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ टेबलाभोवती बसून, फासे टाकत, मुख्यतः तोंडाने खेळायचा असतो. एक जण सूत्रधार, बाकीचे पात्रं. सूत्रधार म्हणतो, "समोर गुहा आहे." पात्रं म्हणतात, "आम्ही आत शिरतो." मग आत जे काही असेल ते यांना खातं, नाहीतर हे त्याला मारून सोनं लुटतात. आमच्याकडे शनिवारी रात्री हे चालतं. सूत्रधार मी, कारण पुस्तकं माझ्या पैशांची आहेत.

ड्रॅगन मारून सगळ्यांचे हात दुखायला लागले तेव्हा भाची म्हणाली, "मामा, आपण शिवकालातलं खेळूया ना. गड घेऊया." मला वाटलं, यात काय आहे! खेळाचा जन्मच मुळी पटावरच्या लढायांतून झालाय. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो बाजारात आणला, तेव्हा दोघंही पटावर सैन्यं लढवणारी माणसं होती. राक्षस आणि जादूगार त्यावर चढवलेला साज. साज उतरवला की खाली लढाई सापडेल, असा माझा हिशेब. राक्षस बिचारे निमूट गेले. त्रास माणसांनी दिला.

पहिलाच प्रश्न मेहुण्याने विचारला, "भाऊजी, महाराज कोण होणार?" आणि विचारता विचारता स्वतःचा हात वर करायला लागला. त्याच्या बहिणीने, म्हणजे माझ्या बायकोने, त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो हात तसाच डोकं खाजवायला गेला. बरं, कुणी झालंच महाराज, तरी फाशाचं काय? फासा वीस बाजूंचा. तो कधी ना कधी एकावर पडणार, आणि एक पडला की फजिती हा आमच्या टेबलाचा नियम. महाराजांच्या नावाने फासा टाकायचा, एक पडायचा आणि सकाळी सोसायटीत दूध आणायला जायचं? त्यापेक्षा ठरवून टाकलं की महाराज टेबलावर येणार नाहीत, त्यांची पत्रं येतील. पत्रापुढे फासा नसतो. पत्र आलं की मुजरा करायचा आणि सांगितलेलं करायचं.

मग मोहीम कुठली? प्रतापगड, पावनखिंड, सिंहगड यांचा शेवट पाचवीतल्या पोराला पाठ. मी पन्हाळा काढला. १६६० च्या वेढ्याचा नव्हे, नंतरचा. तेव्हा आदिलशाहीकडे गेलेला पन्हाळा मार्च १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदांनी अवघ्या साठ माणसांनिशी परत घेतला. भाची म्हणाली, "माहितीये, सिनेमा पाहिलाय." पण त्या साठांमधल्या बहुतेकांची नावंसुद्धा आपल्याला सांगता येत नाहीत, आणि सूत्रधाराला जागा लागते ती तिथेच. कोंडाजी इतिहासाचे, उरलेले आमचे.

उरलेल्यांचा धंदा ठरवताना रात्र गेली. खेळातल्या चोराचा हेर झाला, रानातल्या तिरंदाजाचा रामोशी झाला, जखमा भरणाऱ्या पुरोहिताच्या जागी वैदू आला. जादूगाराचं करायचं काय? मेहुणा आयुष्यभर जादूगारच खेळलेला. त्याला म्हटलं, गोसावी हो, वेषांतर कर, गडावरच्या बातम्या काढ. तो म्हणाला, "आगीचा गोळा टाकता येईल का?" नाही म्हटल्यावर त्याने गोसावी घेतला, पण चिलीम मागून घेतली. या चिलमीचं पुढे काय झालं ते सांगतो.

आमचा सीए मित्र मात्र खुशीत होता. वरच्या मजल्यावर इतिहासाचे निवृत्त शिक्षक राहतात. आम्ही शिवकाल खेळतोय हे कळल्यावर ते चूक काढायला म्हणून खाली आले आणि चहा घ्यायला म्हणून थांबले. येताना सभासदाची बखर घेऊन आले. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून १६९७ साली जिंजीला लिहिलेली ही बखर गोड आहे, पण खेळाच्या मुळावर येणारी आहे. तिच्यात लिहिलंय की लष्कर दसऱ्याला छावणीतून निघताना प्रत्येकाच्या वस्तूंची यादी करायची, परत आल्यावर झडती घ्यायची, आणि जास्त निघालं तर पगारातून वजा. सीए मित्राने ते दोनदा वाचायला लावलं. मग चष्मा पुसून म्हणाला, "मी सबनीस. हजेरी आणि हिशेब माझ्याकडे."

मूळ खेळात, निदान जुन्या नियमांत, एक सुवर्णमुद्रा लुटून आणली की एक अनुभवगुण मिळायचा. म्हणजे जितका दरोडा तितका पराक्रम. इथे लूट सरकारजमा, आणि जवळ ठेवलीत तर सबनीस दारात. त्यात सरांनी आणखी एक काढलं: पंचवीस स्वारांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. सगळ्यांना हवालदार व्हायचं होतं. पखाल घेऊन पाणी भरायला कुणी तयार होईना. शेवटी भाची झाली, या अटीवर की पाणी कुणाला द्यायचं ते ती ठरवेल. पुढच्या सगळ्या मोहिमेत तिच्याइतका वचक कुणाचाही नव्हता.

कडा चढायची रात्र आली आणि सबनिसांनी फासा हातात घेऊन गणित मांडलं. "अरे, साठ माणसं चढणार. वीसात एक पडणार. म्हणजे सरासरी तीन जण कोसळणार. एकही पडणार नाही याची शक्यता पाच टक्क्यांच्या आत. तीन माणसं ओरडत खाली गेली तर गड जागा नाही होणार?" बरोबर होतं. ड्रॅगनच्या गुहेत चार जण जातात तेव्हा वीसातला एक चालून जातो; कड्यावर साठ जण असले की तोच एक सामूहिक आपत्ती होतो. मी वीस बाजूंचा फासा पेटीत टाकला आणि साधे सहा बाजूंचे तीन काढले. तिन्हींवर एक-एक पडणं दोनशे सोळात एकदा. मावळे डोंगरात वाढलेले. त्यांना एवढी सूट हवीच. सरांनी मान डोलावली, आणि अंधार होता हे नोंदवायला सांगितलं.

चढलो. पण वर पोचून साठ जणांनी अख्ख्या गडाची शिबंदी कापायची कशी? एकेकाचे जीवगुण, म्हणजे कोण किती घाव सोसून उभा राहतो ते आकडे, मोजत बसलो असतो तर दिवाळी आली असती. खरं काय झालं होतं? कोंडाजींच्या माणसांनी वर जाऊन कर्णे फुंकले आणि झोपलेल्या गडाला वाटलं, फौजच्या फौज आत शिरली. मग लक्षात आलं की इथे शत्रूचं रक्त मोजायचं नाही, धीर मोजायचा. जुन्या युद्धखेळांत धैर्याचा वेगळा फासा असे. जुन्या डंजन्स अँड ड्रॅगन्समध्येही तो होता. तो मी परत आणला. शिबंदीचा धीर सात. दोन फाशांची बेरीज सातावर गेली की पळापळ. कर्णा म्हणून मेहुण्याने मुठीचा भोंगा करून जो आवाज काढला, त्याने खालच्या मजल्यावर दिवे लागले. फासे पडले नऊ. पन्हाळा आमचा! इंटरकॉमवर वॉचमनने विचारलं, "साहेब, वर काय झालं?" बायकोने सांगितलं, "गड घेतला." तो बरं म्हणाला.

खरी परीक्षा पावसाळ्याच्या तोंडावर आली. मी सगळ्यांना घोडी दिली आणि चिपळूणजवळच्या छावणीत नेऊन बसवलं. तिथे महाराजांचं पत्र आलं, आणि हे मी रचलेलं नव्हे, खरोखरचं आहे: चारा-दाणा आत्ताच उधळलात तर पावसात घोडी उपाशी मरतील, रयतेला त्रास देऊ नका, गवताच्या गंजीजवळ चिलीम ओढू नका, रात्री दिवा ठेवलात तर उंदीर वात घेऊन जाईल आणि आग लागेल. इतक्या बारीक नजरेने लिहिलेलं पत्र हाताशी असताना सूत्रधाराने राक्षस कशाला शोधावेत? मी उंदीर मांडला. उंदराला काय द्यायचे गुण? सर म्हणाले, भरपूर द्या.

सबनीस रोज गवताच्या पेंढ्या मोजत होते. मेहुणा पहाऱ्यावर, चिलमीसकट, दिवा शेजारी. उंदरासाठी मी पेटीतून वीस बाजूंचा फासा पुन्हा काढला. वीस पडला. आदिलशाहीचा गड घेतलेली टोळी रात्रभर गंजी विझवत होती, आणि पखालजी सोडून कुणालाच काही येत नव्हतं.

मेहुण्याच्या पगारातून गवत वजा झालं. पुढच्या शनिवारी तो रीतसर अर्ज लिहून घेऊन आला, "सेवेसी विज्ञापना ऐसीजे" पासून सुरुवात करून, की चिलीम विझलेली होती, दोष सर्वस्वी उंदराचा आहे, सबब दाम परत मिळावे. सबनिसांनी अर्ज वाचला, उलटून मागची बाजू पाहिली आणि समासात शेरा मारला: उंदीर हजर करावा.