खुलासा : सिकंदर मकरानच्या वाळवंटात पळून गेला नव्हता

सध्या एक संदेश फिरतो आहे : झेलमच्या काठी पौरसने सिकंदराला हरवलं, तो जीव वाचवायला मकरानच्या (आजच्या पाकिस्तान-इराणच्या किनाऱ्यालगतच्या) वाळवंटात पळाला आणि तिथे त्याचं सैन्य संपलं. पौरसच्या शौर्याबद्दलचा अभिमान मला समजतो. पण इथे दोन वेगळ्या घटना एकत्र शिवल्या आहेत.

इ.स.पू. ३२६ मधली झेलमची लढाई सिकंदर जिंकला. त्याने पौरसला राज्य परत दिलं, वर आणखी प्रदेशही जोडून दिला. हरलेला राजा असं करू शकत नाही. माघारीचा निर्णय पुढे बियासकाठी झाला, थकलेल्या सैनिकांनी पुढे जायला नकार दिल्यावर. मग सिंधूच्या खोऱ्यातून लढत लढत तो समुद्रापर्यंत गेला. मुलतानच्या परिसरात बाण लागून तो मरता मरता वाचला.

वाळवंटाचा प्रवास इ.स.पू. ३२५ चा, म्हणजे वर्षभरानंतरचा. त्याचा नौदलप्रमुख नीआर्कस याच्या आरमारासाठी किनाऱ्यावर विहिरी खणणं, धान्य साठवणं हा त्यामागचा एक हेतू होता. सेनापती क्रातेरसची तुकडी हत्तींसह वेगळ्या, सोप्या वाटेने गेली. पळणारं सैन्य अशी आखणी करत नाही. मकरानमध्ये मात्र साठ दिवस हाल झाले. एका रात्री ओढ्याला अचानक पूर आला आणि छावणीतल्या कित्येक बायका-मुलं वाहून गेली.

हे एरियन या ग्रीक इतिहासकाराने लिहिलंय, मोहिमेत असलेल्या टॉलेमी आणि अरिस्टोब्युलस यांच्या वृत्तांतांच्या आधारे. तो जुना संदेश कृपया पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर आला असेल, तिथे हा खुलासा टाका.