‘कागदी फिल्टर इंजिनाचा श्वास कोंडतो’ या दाव्याचा प्रतिवाद

मोटारीच्या एअर फिल्टरविषयी एक दावा गेली अनेक वर्षे हातोहात फिरतो आहे. त्याचा आशय असा : कंपनीने बसवलेला कागदी फिल्टर इंजिनाचा श्वास कोंडतो, म्हणून तो काढून तेल लावलेला, धुऊन पुन्हा वापरता येणारा सुती फिल्टर बसवावा, त्याने इंजिनाची ताकद दहा टक्क्यांनी वाढते, ॲव्हरेज सुधारते आणि पुन्हा आयुष्यात दुसरा फिल्टर घ्यावा लागत नाही. पुरावा म्हणून सोबत एक सोपी चाचणीही सुचवलेली असते. दोन्ही फिल्टर उजेडासमोर धरावेत आणि ज्यातून प्रकाश अधिक येईल तो चांगला समजावा. हा दावा करणारे बहुतेक लोक प्रामाणिक असतात आणि त्यांचे गाडीवर प्रेम असते, म्हणूनच त्याला मुद्देसूद उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

सुरुवात श्वास कोंडण्यापासून करू. कागदी फिल्टर हातात घेतला की तो एका वहीएवढा दिसतो आणि एवढ्याशा कागदातून इंजिनाला हवा पुरत असेल का, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. पण तो कागद घड्या घालून बसवलेला असतो. समजा, चौकट २५ सेंटिमीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद आहे, तीत अडीच सेंटिमीटर खोलीच्या ५० घड्या आहेत. प्रत्येक घडीला दोन बाजू असल्यामुळे उलगडल्यावर कागदाची लांबी अडीच मीटर भरते आणि क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर, म्हणजे चौकटीच्या दहापट. आता दीड लिटरचे इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असताना घ्या. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा सिलिंडर भरतो, त्यामुळे मिनिटाला जास्तीत जास्त ४,५०० लिटर, म्हणजे सेकंदाला ७५ लिटर हवा लागते. ती अर्ध्या चौरस मीटर कागदातून जाताना तिचा वेग सेकंदाला अवघा १५ सेंटिमीटर असतो. इंजिन जीव तोडून धावत असताना हवा कागदातून मुंगीच्या नव्हे, पण संथ चालणाऱ्या माणसाच्याही निम्म्याहून कमी वेगाने जाते. याला कोंडमारा म्हणता येणार नाही.

दहा टक्के ताकदीचा मुद्दा याच हिशेबातून निकालात निघतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाकडे जाणारी हवा अडवणारी झडप, पूर्ण उघडा असताना स्वच्छ कागदी फिल्टरमध्ये त्यातला साधारणतः एक-दोन किलोपास्कल दाब खर्ची पडतो. सिलिंडरमध्ये किती हवा शिरते ते तिच्या घनतेवर अवलंबून असते आणि घनता दाबाच्या प्रमाणात बदलते, म्हणून फिल्टर पूर्णपणे काढून टाकला तरी मिळण्यासारखा लाभ एक-दोन टक्क्यांचाच आहे. सुती फिल्टर हा अडथळा शून्यावर आणत नाही, फक्त कमी करतो. त्यामुळे वाट्याला येणारी वाढ बहुधा एका टक्क्याच्या आत राहते, तीही पाय पूर्ण दाबलेला असताना आणि फेरे कमालीचे वाढलेले असतानाच. रोजच्या चालवण्यात अशी वेळ फार थोडी येते.

मग फिल्टर बदलल्यावर पिकअप वाढल्याचे इतके जण शपथेवर सांगतात ते का? एक कारण असे की बदलण्याआधीचा फिल्टर बहुतेक वेळा जुना आणि पुरता भरलेला असतो. त्याच्या जागी नवा कागदी फिल्टर घातला असता तरी तोच फरक जाणवला असता. दुसरे कारण आवाजाचे आहे. विशेषतः मूळ पेटी काढून बॉनेटखाली उघडा, शंकूच्या आकाराचा फिल्टर बसवला की हवा आत खेचली जाण्याचा आवाज मोठा होतो आणि मोठ्या आवाजाचे इंजिन जोरदार भासते. प्रत्यक्षात अशा मांडणीत तोटाच संभवतो, कारण मूळ पेटी बहुधा बाहेरची थंड हवा घेते आणि उघडा फिल्टर इंजिनाजवळची तापलेली. बाहेर ३० अंश सेल्सिअस आणि बॉनेटखाली ६० अंश असतील, तर निरपेक्ष तापमानाच्या (सेल्सिअस अधिक २७३) हिशेबाने हवेची घनता सुमारे ९ टक्क्यांनी घटते. एका टक्क्याच्या आशेवर नऊ टक्के गमावण्याचा हा व्यवहार आहे. गाडी वेगात असताना बॉनेटखालची हवा निवते आणि तोटा कमी होतो हे खरे, पण खोळंबलेल्या रहदारीत तो पुरेपूर भोगावा लागतो.

ॲव्हरेजचा दावा मला सर्वांत चुकीचा वाटतो, कारण तो पेट्रोल इंजिन कसे चालते याकडेच डोळेझाक करतो. पेट्रोल इंजिनाची ताकद आपण हवा अडवूनच कमी-जास्त करतो; ॲक्सिलरेटर हलवतो तेव्हा थ्रॉटलची झडप हलत असते. गाडी जागेवर सुरू असताना त्या झडपेपलीकडे इनटेक मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला दाब ३० ते ४० किलोपास्कलपर्यंत खाली आलेला असतो. म्हणजे झडप स्वतःच ६० किलोपास्कलचा अडथळा उभा करत असताना, मंद प्रवाहात फिल्टरचा एका किलोपास्कलचाही अंश नसलेला अडथळा कमी करून काय साधणार? फिल्टर मोकळा असेल तर चालक तेवढ्याच वेगासाठी झडप केसभर कमी उघडेल, इतकेच. गाडी ढकलायला लागणारी हवा तेवढीच राहते. इंधनाचे प्रमाण ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक ठरवतो. आत येणारी हवा मोजून आणि सायलेन्सरच्या वाटेवरील ऑक्सिजन सेन्सरकडून उलटतपासणी करून तो पेट्रोलच्या प्रत्येक किलोमागे सुमारे १४.७ किलो हवा हे प्रमाण राखतो. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला. इंधन इंजेक्शनच्या आधुनिक पेट्रोल गाड्यांमध्ये मुद्दाम तुंबवलेल्या फिल्टरनेही इंधनखर्चात लक्षणीय फरक पडला नाही. वेग पकडण्याला मात्र अधिक वेळ लागला. तुंबलेल्या फिल्टरने ॲव्हरेज बिघडत नसेल, तर स्वच्छ कागदी फिल्टरच्या जागी सुती फिल्टर घालून ते सुधारेल कसे?

हा समज आला कुठून, हेही सांगायला हवे, कारण तो एके काळी निराधार नव्हता. हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या काळात, विशेषतः ज्यांचे फ्लोट चेंबर (पेट्रोलची छोटी टाकी) बाहेरच्या हवेला उघडे असे त्या रचनांत, फिल्टर तुंबला की आतला दाब घटून पेट्रोल अधिक ओढले जाई, मिश्रण दाट होई आणि फिल्टर बदलताच काही टक्के बचत दिसे. त्या पिढीतील मेकॅनिकांचा अनुभव खरा होता. इंजिने बदलली, सल्ला तसाच राहिला. डिझेलचा प्रकारही थोडा वेगळा आहे. तिथे ताकद थ्रॉटलने नियंत्रित होत नसल्यामुळे फार तुंबलेल्या फिल्टरने धूर आणि मंदपणा येऊ शकतो. पण त्यावरचा उपाय फिल्टर वेळेवर बदलणे हा आहे.

आता उजेडाच्या चाचणीकडे वळतो. या सगळ्या प्रकरणात मला खरी चिंता वाटते ती इथेच, कारण ही चाचणी फिल्टरचे मूळ कामच विसरायला लावते. हवा जाऊ देणे एवढेच काम असते तर फिल्टरची गरजच नव्हती. तो धूळ थांबवण्यासाठी आहे. एक लिटर पेट्रोल जाळायला सुमारे ९,००० लिटर हवा लागते. लिटरला १५ किलोमीटर धावणारी गाडी १०,००० किलोमीटरमध्ये सुमारे ६,००० घनमीटर हवा आत घेते. समजा, धुळीच्या रस्त्यावर त्या हवेत घनमीटरमागे एक मिलिग्रॅम धूळ आहे. तर सहा ग्रॅम धूळ फिल्टरच्या दारात येते. ९९ टक्के धूळ अडवणारा फिल्टर तीतली ६० मिलिग्रॅम आत सोडतो आणि ९७ टक्के अडवणारा १८० मिलिग्रॅम. कागदावर ९९ आणि ९७ हे आकडे शेजारीशेजारी दिसतात, पण इंजिनाच्या दृष्टीने एक दुसऱ्याच्या तिप्पट धूळ आत पाठवतो. चांगल्या कागदी फिल्टरची एकूण कार्यक्षमता ९९ टक्क्यांच्या पुढे असते, तर तेल लावलेल्या सुती फिल्टरांसाठी जाहीर केले जाणारे आकडे बहुधा ९६ ते ९९ टक्क्यांच्या दरम्यान असतात.

आत गेलेल्या धुळीत क्वार्ट्झ असतो. मोहच्या कठीणता श्रेणीवर त्याचा क्रमांक ७ लागतो आणि सिलिंडरच्या ओतीव लोखंडाहून तो कठीण असतो. पिस्टन रिंग आणि सिलिंडर यांच्यामधला तेलाचा थर काही मायक्रॉनचाच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. त्या थराएवढे किंवा त्याहून थोडे मोठे, साधारण ५ ते २० मायक्रॉनचे कण सर्वाधिक झीज करतात, आणि हे कण डोळ्यांना दिसत नाहीत. माणसाचा केससुद्धा सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. तेव्हा ज्या छिद्रातून डोळ्याला प्रकाश आरपार दिसतो, त्या छिद्राच्या तुलनेत हा कण किती लहान आहे ते पाहा. कागदाची छिद्रेही कणांपेक्षा मोठीच असतात. पण तिथे तंतूंचे दाट जाळे असते, कण वळणावर हवेबरोबर वळू न शकल्याने तंतूंवर आदळतात आणि चिकटतात. पुढे अडलेल्या धुळीचाच थर नव्या धुळीला अडवू लागतो. थोडा मळलेला कागदी फिल्टर कोऱ्यापेक्षा धूळ अधिक चांगली अडवतो, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते आणि ते दर आठवड्याला कॉम्प्रेसरच्या हवेने फिल्टर झटकून त्याचा कागद फाडून ठेवतात.

‘आयुष्यभर एकच फिल्टर’ या वचनाची दुसरी बाजूही याच तत्त्वातून दिसते. सुती फिल्टर धुतला की धुळीचा उपयोगी थर वाहून जातो आणि फिल्टर पुन्हा आपल्या सर्वांत कमजोर अवस्थेत येतो. मग तो सावलीत पूर्ण वाळवावा लागतो आणि मोजून तेल लावावे लागते. तेल कमी पडले तर सुताचे जाळे धूळ धरत नाही. ते जास्त झाले आणि गाडीत तप्त तारेचा हवामापक सेन्सर असेल, तर उडालेले तेल तारेवर बसण्याचा धोका असतो. तसे झाले तर सेन्सर हवा खरी असते त्याहून कमी मोजतो, मिश्रण विरळ होते आणि निदानयंत्रावर पी०१७१ हा विरळ मिश्रणाचा संकेत येऊ शकतो. नियमाप्रमाणे तेल लावलेल्या फिल्टरने सहसा असे होत नाही, आणि ज्या गाड्यांत असा सेन्सर नसून मॅनिफोल्डचा दाब मोजला जातो त्यांत हा प्रश्नच उद्भवत नाही. पण दर वेळी प्रमाण अचूक राखणारे किती जण आहेत, हे प्रत्येकाने स्वतःशी विचारावे.

या दाव्याच्या आडून कंपन्या मुद्दाम वाईट फिल्टर घालतात असा आरोपही होतो, त्यात तथ्य नाही. इंधनखर्चाच्या एकेका टक्क्यासाठी उत्पादक टायर, तेल आणि गिअरचे दातेही बदलतात. फिल्टरने इतका लाभ होत असता तर तो त्यांनी सोडला नसता.

याचा अर्थ बाजारातील दुसऱ्या उत्पादकाचा फिल्टर घेऊच नये, असे मी म्हणत नाही, आणि धुण्याजोगा फिल्टर सर्वत्र निरुपयोगी आहे असेही नाही. शर्यतीच्या गाडीचे इंजिन ठरावीक शर्यतींनंतर उघडून नव्याने बांधले जाते. तिथे अर्धा टक्का ताकदीला मोल आहे आणि झिजेची पर्वा कमी आहे. रोजच्या गाडीसाठी मात्र निवडीचा कस वेगळा हवा. उत्पादकाकडे आयएसओ ५०११ या एअर फिल्टरच्या आंतरराष्ट्रीय चाचणी-मानकानुसार केलेल्या चाचणीचे आकडे मागावेत, आणि तेही तिन्ही : किती टक्के धूळ अडली, ठरावीक अडथळा येईपर्यंत किती ग्रॅम धूळ मावली आणि कोऱ्या अवस्थेत अडथळा किती होता. चाचणीची धूळ बारीक होती की भरड, तेही विचारावे, कारण भरड धुळीवर कोणताही फिल्टर हुशार दिसतो. जो फक्त हवेच्या प्रवाहाचा आकडा सांगतो आणि धुळीविषयी मौन पाळतो, त्याचा फिल्टर मी घेणार नाही. आकडे मिळतच नसतील तर मूळ फिल्टर आणि नवा शेजारी ठेवून घड्यांची संख्या आणि खोली मोजावी, टोकांना गोंद सलग आहे का ते पाहावे आणि कडेचे रबर बोटाने दाबून ते मऊ, एकसारखे आहे याची खात्री करावी.

कडेच्या या रबराला मी कागदाइतकेच महत्त्व देतो. ते एका कोपऱ्यात नीट बसले नाही तर हवा सोपी वाट धरते, आणि मग फिल्टर ९९ टक्क्यांचा असो वा ९७ टक्क्यांचा, त्या फटीतून धूळ सरळ आत जाते. म्हणून कोणताही नवा फिल्टर बसवल्यावर हजारएक किलोमीटरनंतर पेटी उघडावी आणि फिल्टरच्या पुढच्या, इंजिनाकडील बाजूच्या भिंतीवरून ओलसर पांढरे फडके फिरवावे. ते स्वच्छ निघाले तर फिल्टर आपले काम करतो आहे. पेटीच्या कडेलगत धुळीची रेघ उमटली तर आधी क्लिपा आणि रबर तपासावे. सगळीकडे सारखी बारीक धूळ दिसली, तर दोष फिल्टरच्या पोतात आहे आणि तो त्याच दिवशी बदलावा.