‘खोकं’ म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर

भाऊ, जुन्या प्रीफॅब घरावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. हिंगणघाटच्या पुढे बंद पडलेल्या एका जिनिंगची वसाहत आहे. तिथलं सिमेंटच्या तयार पॅनलचं एक जुनं घर घ्यावं का, आणि घेतलं तर उन्हाळ्यासाठी त्यात काय काय करावं लागेल, याचा हिशोब मी मांडला होता. त्यावर तुम्ही लिहिलंत: “दोन इंची भिंतीचं खोकं आहे ते. वर अ‍ॅस्बेस्टॉस, सांध्यांतून पाणी, बँक कर्ज देणार नाही, विकायला काढलं तर कोणी विचारणार नाही. एसीत बसून लोकांना भट्टीत राहायचे सल्ले देणं सोपं असतं. विटा आणि स्लॅबला पर्याय नाही.”

मतभेद असू द्या, त्याचं मला काही नाही. पण ‘एसीत बसून’ हे तुम्ही कशावरून ठरवलंत? तुम्ही मला ओळखत नाही, माझं घर पाहिलेलं नाही. माझ्याकडे आजही लोखंडी कूलरच आहे आणि मे महिन्यात त्यात पाणी मीच भरतो. लेख पटला नाही तर लेखातली चूक दाखवा. लिहिणाऱ्याच्या बुडाखाली कोणती खुर्ची आहे हे कशाला काढता?

आता निघालंच आहे तर ऐका. माझं लहानपण समुद्रपूर तालुक्यात टिनाच्या दोन खोल्यांत गेलं. दुपारी एखादा ढग आडवा आला की टिन आकसायचं आणि डोक्यावर टक टक आवाज सुरू व्हायचा. आई त्याच टिनाखाली चुलीपुढे बसून भाकरी थापायची. नवतपा लागला की बाबा टिनावर तुराट्यांचा हातभर थर अंथरायचे, वर ओले पोते टाकायचे आणि वादळात उडू नये म्हणून कडेने विटा ठेवायचे. त्यानंतर त्या खोलीत दुपारी लेकरू झोपायचं. भिंती त्याच, टिन तेच, फक्त ऊन आणि टिन यांच्या मधे काहीतरी आलं होतं. भट्टी म्हणजे काय हे मला तुमच्याकडून शिकायची गरज नाही.

आणि विटा-स्लॅबचं म्हणाल तर तेही घर आमच्या घरात आहे. माझ्या मोठ्या भावाने नऊ इंची विटांच्या भिंती आणि वर स्लॅब असं चांगलं पक्कं घर बांधलं. दिवसभर तो स्लॅब ऊन पितो आणि रात्री झोपायच्या वेळी तेच खाली सोडतो. अकरा वाजता पलंगावर उभं राहून छताला हात लावला तर हात ठेववत नाही. घरातली माणसं बाज घेऊन अंगणात जातात. तुमच्या गावात वेगळं होत असेल तर सांगा.

एकमजली घरात उन्हाचा सर्वांत मोठा मार छतावर असतो. म्हणून माझा सगळा हिशोब छतापासून सुरू झाला होता, जो तुम्ही वाचलेला दिसत नाही. दोन इंच पफ फोम, म्हणजे पॅनलच्या आत भरतात तो कडक फोम, उष्णता जितकी अडवतो तितकी अडवायला काँक्रीट सहा फुटांहून जाड लागेल. केंद्राच्या इको निवास संहितेने, म्हणजे घरांच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीने, 2018 मध्ये छताच्या यू-व्हॅल्यूची मर्यादा 1.2 ठेवली. यू-व्हॅल्यू म्हणजे छतातून उष्णता किती आत येते त्याचं माप, जितकं कमी तितकं बरं. गावातल्या घराला ती सक्ती नाही, पण मोजपट्टी म्हणून बरी आहे. उघडा सिमेंट पत्रा आणि उघडा चार इंची स्लॅब हे दोन्ही त्या मर्यादेच्या कितीतरी वर जातात, दोन पत्र्यांच्या मधे दोन इंच फोम असलेलं सँडविच पॅनल आरामात खाली बसतं. थर्माकोल भरलेलं पॅनल स्वस्त मिळतं, पण ते पेट घेतं. मी पैसे थोडे जास्त घालून रॉकवूलचंच, म्हणजे न पेटणाऱ्या दगडी तंतूंचंच घेईन. भिंतींचा नंबर नंतर: आधी पश्चिमेची, तिला बाहेरून थर आणि पुढे कारवीचा नाहीतर हिरव्या नेटचा आडोसा.

अ‍ॅस्बेस्टॉसचं तुमचं म्हणणं मात्र रास्त आहे. आपल्याकडे अ‍ॅस्बेस्टॉसचा सिमेंट पत्रा आजही राजरोस विकला जातो, म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. तो कापायचा नाही, फोडायचा नाही, कोरडा असताना ड्रिल लावायचं नाही. पाणी मारून, तोंडाला नीट मास्क लावून, जे-बोल्ट सोडवून अख्खाच उतरवायचा, आणि त्याचे तुकडे गोठ्यावर टाकायला कोणाला द्यायचे नाहीत. एवढं तुमच्यामुळे इथे नोंदवलं गेलं.

कर्जाचं तुम्ही नवीन काय सांगितलंत? मी जागेच्या भावाच्या वर एक रुपया देणार नाही असं लेखात स्पष्ट लिहिलं आहे. आणि मला ते विकायचं नाही, राहायचं आहे.

राहिले सांधे. तुम्ही ते चार शब्दांत उडवलेत, खरी मेख मात्र तिथेच आहे, आणि दोष पॅनलचा नाही, खालच्या काळ्या मातीचा आहे. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसाळ्यात फुगते, वरचं हलकं घर तिच्यासोबत हलतं. मे महिन्यात त्या घराच्या मागच्या खोलीत एका सांध्यात नाणं उभं शिरत होतं. जोत्याजवळ दोन पॅनल हातोडीने ठोकले तर पोकळ वाजले, म्हणजे आतली सळई गंजून काँक्रीट सुटत आलं आहे. दोन पॅनल बदलता येतात. सगळ्या खांबांची तीच गत निघाली तर घर सोडून द्यायचं. मालकाला मी पावसाळाभर थांबायला सांगितलं आहे. तोच सांधा श्रावणात परत मोजणार, खांब ठोकून घेणार, आणि इसार द्यायचा की नाही ते पोळ्यानंतर ठरवणार.