रिकव्हरीतला फोन आणि जामीनदार

रात्री अपडेट घेऊन स्वतःच बंद-चालू झालेला माझा फोन सकाळी काळ्या पडद्यावर चार-पाच इंग्रजी ओळी मांडून बसला होता. याला रिकव्हरी मोड म्हणतात, हे शेजारच्या नववीतल्या मुलाकडून कळले. पॉवरची कळ दाबून मी 'रीबूट सिस्टिम नाऊ' सात वेळा निवडले; सातही वेळा फोन थरथरला, कंपनीचे बोधचिन्ह दाखवून झाले आणि स्वारी पुन्हा त्याच यादीवर हजर. त्याच यादीत 'वाइप डेटा', म्हणजे फोनातले सगळे पुसून टाका, होते. बॅकअप कधी घेतला होता ते आठवत नसल्यामुळे, झोपलेल्या कुत्र्याजवळून चप्पल हातात घेऊन जावे तसा मी त्या ओळीपासून दूर राहिलो.

शेवटी बुधवार पेठेत, तापकीर गल्लीजवळचे दुकान गाठले. काउंटरवरच्या मुलाने फोनकडे न पाहताच, "काका, जॉबशीटसाठी मोबाईल नंबर सांगा, त्यावर ओटीपी येईल," असे फर्मावले. तो नंबर ज्या फोनात आहे तो तुझ्यासमोर आडवा पडला आहे, हे मी त्याला दोनदा समजावले. "मग घरच्यांचा द्या," तो म्हणाला. घरच्यांचा नंबर कोणाला पाठ असतो?

बाकावर ग्लास बदलण्यासाठी आलेले एक गृहस्थ बसले होते. "काय झालंय?"

"रिकव्हरीत गेलाय."

त्यांचा चेहरा उजळला. सहकारी बँकेच्या वसुली विभागात त्यांची 31 वर्षे गेली होती. "किती हप्ते थकलेत?"

"अहो, रोख घेतलाय."

"सुरुवातीला सगळे असंच म्हणतात. जामीन कोण आहे?"

फोनला जामीन नसतो, हे पटवण्याचा मी प्रयत्न केला. पण तोवर ते एका जप्त केलेल्या म्हशीवर पोहोचले होते. ती म्हैस बँकेच्या आवारात बांधली असताना व्याली आणि रेडकू कर्जदाराचे की बँकेचे, यावर तीन बैठका झाल्या. पेंडीचा खर्च कोणत्या खात्यात टाकावा यावर व्यवस्थापक आणि लेखापाल यांचे बोलणे बंद झाले. दुधाचा चहा मात्र दोघेही घेत. "शेवटी काय झालं?" मी नको असताना विचारले. "काय होणार? माझी बदली."

इतक्यात मुलाने फोनचे कव्हर ओढून काढले आणि फोन सुरळीत सुरू झाला. घट्ट कव्हरामुळे आवाज वाढवण्याची कळ सतत दाबली जात होती. अशा स्थितीत पुन्हा चालू झाले की काही फोन रिकव्हरीतच जातात. हे कव्हर शनिवारी याच दुकानातून, याच मुलाकडून, 180 रुपयांना घेतलेले होते. तसे सांगितल्यावर तो निर्विकारपणे म्हणाला, "दोनशे झाले. सॉफ्टवेअरचे." कव्हर काढणे हे सॉफ्टवेअर कसे, हे विचारण्याचे बळ उरले नव्हते, याची चीड मला अजून आहे.

स्कॅन करायला फोन उचलला, तर सकाळपासून जळत राहिलेल्या पडद्याने बॅटरी संपवली होती. दोन टक्के दाखवून तो मिटला. खिशात चाळीस रुपये होते. गृहस्थांनी न मागता दोनशेची नोट काउंटरवर ठेवली, खिशातून छोटी डायरी काढली, माझे नाव आणि पत्ता लिहून घेतला आणि चष्म्यावरून पाहत विचारले,

"जामीन कोण?"